फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपच्या पुढील भागातील आवाजांचे निदान

फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपच्या पुढील भागातील आवाजांचे निदान म्हणजे चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचविणाऱ्या पिकअप वाहनाची पुढील चाके, आस, स्टिअरिंग, ब्रेक व सस्पेन्शन यांतून येणाऱ्या अनपेक्षित आवाजाचे उगमस्थान शोधण्याची पद्धत होय. साध्या पिकअपची पुढील चाके भार पेलतात व वळतात. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये तीच चाके गाडी ओढण्याचेही काम करतात. त्यामुळे बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड आणि ब्रेक यांच्या जोडीला ड्राइव्ह शाफ्ट, सीव्ही जॉइंट, पुढचे डिफरन्शियल, हब आणि ट्रान्सफर केस हे भागही संशयाच्या कक्षेत येतात.

अशा निदानात दोन गोष्टी विशेष अडचणीच्या ठरतात. आवाज पोलादी चौकटीतून प्रवास करतो, त्यामुळे डाव्या चाकाचा दोष चालकाला उजवीकडे, स्वतःच्या पायाखाली ऐकू येऊ शकतो. दुसरे म्हणजे आवाजाचा मोठेपणा आणि दोषाचा धोका यांचा परस्परांशी संबंध नसतो. ब्रेकच्या पत्र्यात अडकलेला खडा कानठळ्या बसविणारा आवाज करतो व निरुपद्रवी असतो. चाक धरून ठेवणारा बॉल जॉइंट तुटण्यापूर्वी पुष्कळदा केवळ एक बारीक ‘टक’ ऐकवतो.

रचना

भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये अर्धवेळ पद्धतीची रचना असते. एरवी शक्ती फक्त मागील चाकांना मिळते. चालकाने दांडी ओढली किंवा बटण फिरविले की ट्रान्सफर केसमधून पुढचा प्रोपेलर शाफ्ट मागच्या शाफ्टशी जखडला जातो आणि दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरू लागतात. या अवस्था टू एच, फोर एच आणि फोर एल अशा नावांनी ओळखल्या जातात. फोर एल ही कमी वेगाची व जास्त ओढीची अवस्था होय.

पुढील सस्पेन्शन दोन प्रकारचे आढळते. महिंद्रा कंपनीने मुंबईत जुळवणी सुरू केलेल्या विलिस जीपच्या परंपरेतील जुन्या गाड्यांना सलग आस व पाटे असतात आणि वळणारे चाक किंगपिनवर फिरते. टाटा झेनॉन, २०१६ साली भारतात आलेली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०२२ साली आलेली टोयोटा हायलक्स यांसारख्या गाड्यांत प्रत्येक पुढचे चाक वरच्या व खालच्या आर्मवर स्वतंत्रपणे हलते, बॉल जॉइंटवर वळते आणि त्याला सीव्ही जॉइंट असलेल्या आखूड शाफ्टमधून शक्ती मिळते. ही विभागणी प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण सलग आसाच्या जीपमध्ये बॉल जॉइंट शोधत बसणे किंवा व्ही-क्रॉसमध्ये किंगपिनचा दोष सांगणे निरर्थक ठरते.

काही गाड्यांत चाक शाफ्टपासून सोडविता येईल असे हब असतात. अमेरिकेतील वॉर्न कंपनीने १९४८ पासून जुन्या लष्करी जीपसाठी असे हब तयार केले. हब सुटे असताना टू एचमध्ये पुढचे शाफ्ट, डिफरन्शियल व प्रोपेलर शाफ्ट स्थिर राहतात. हब नसलेल्या किंवा कायम जोडलेल्या गाडीत मात्र हे सारे भाग टू एचमध्येही चाकांमुळे फिरत राहतात. ‘मी फोर-व्हील लावतच नाही, मग पुढचे डिफरन्शियल कसे वाजेल?’ हा चालकांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर या फरकात आहे.

शिरपूर परिसरातील परिस्थिती

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुका तापीच्या उत्तर काठापासून सातपुड्यापर्यंत पसरलेला आहे. दक्षिणेकडे कपाशीची काळी जमीन, तर उत्तरेकडे बोराडी, कोडीद या बाजूंना दगडगोट्यांचे चढउताराचे रस्ते आहेत. मुंबई–आग्रा महामार्ग, म्हणजे आजच्या राष्ट्रीय महामार्ग ५२ चा भाग, शिरपूरहून पळासनेरमार्गे मध्य प्रदेशात शिरतो आणि सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाट चढतो. एकाच दिवसात शेतातील चिखल, ओढ्याची फरशी, डोंगरातील खडी आणि महामार्गावरील वेग या चारही गोष्टींना सामोरी जाणारी पिकअप येथे नवलाची नाही. शिरपूर हे आवाजांच्या निदानासाठी चांगले उदाहरण ठरते ते यामुळेच.

काळ्या मातीचा परिणाम सर्वप्रथम चाकाच्या रिमवर दिसतो. ओली माती रिमच्या आतल्या बाजूस थापली जाते व वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. गाडी महामार्गावर आल्यावर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. चालक अलाइनमेंट करून घेतो, पण थरथर जात नाही. वास्तविक, चाक आतून धुऊन पाहणे ही या परिसरातील पहिली तपासणी मानली पाहिजे. तिला खर्च लागत नाही.

दुसरा परिणाम पाण्याचा. अरुणावती, अनेर आणि त्यांना मिळणारे ओढे पावसाळ्यात फरशीवरून वाहतात. लांबच्या धावेनंतर तापलेले हब व डिफरन्शियल गार पाण्यात उतरले की आतील हवा आकुंचन पावते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ब्रीदरची नळी चिखलाने बुजलेली असेल तर हा धोका वाढतो. आत गेलेले पाणी लगेच आवाज करीत नाही. ग्रीस फिकट दुधाळ होते, बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडतात आणि घरघर ऐकू येते ती बऱ्याचदा दिवाळीनंतर, कापसाच्या वाहतुकीच्या दिवसांत. तोपर्यंत फरशी ओलांडल्याचा प्रसंग चालक विसरलेला असतो, म्हणून तो मुद्दाम विचारावा लागतो.

उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. उष्णता व धूळ यांमुळे सीव्ही जॉइंट आणि बॉल जॉइंट यांवरील रबरी आवरणांना भेगा पडतात, ग्रीस बाहेर फेकले जाते आणि आत धूळ शिरते. आवरण फाटल्याचे वेळीच दिसले तर काम आवरण व ग्रीस बदलण्यावर भागते. टकटक सुरू झाल्यावर सहसा संपूर्ण जॉइंट बदलावा लागतो.

आवाजांची नावे

मराठीत ध्वनिवाचक शब्द विपुल आहेत आणि या कामी ते खरोखर उपयोगी पडतात. ‘आवाज येतो’ एवढ्या तक्रारीवरून काहीच ठरविता येत नाही. परंतु ‘खडखड’ आणि ‘करकर’ यांतील भेद सांगणारा चालक अर्धे निदान करून देतो. खडखड म्हणजे दोन सैल कठीण भागांचे वारंवार आपटणे. ती लहान खाचखळग्यांवर येत असेल तर स्टॅबिलायझर बारची लिंक, झिजलेला बुश किंवा ब्रेक कॅलिपरची सैल पिन यांकडे बोट जाते. करकर हा कोरड्या घर्षणाचा संथ आवाज आहे. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरविताना करकर आली तर वंगण संपलेला बॉल जॉइंट किंवा किंगपिन, आणि गाडी दाबल्यावर आली तर पाटे व रबरी बुश तपासावेत. घरघर सतत असते व वेगाबरोबर चढते. ती बेअरिंगची किंवा टायरची असते. टकटक नियमित अंतराने येते. ठक्क हा एकटा, जड ठोका असतो व गाडी पुढे-मागे घेताना किंवा क्लच सोडताना येतो. तो प्रोपेलर शाफ्टच्या झिजलेल्या क्रॉसचा, सैल माउंटिंगचा किंवा डिफरन्शियलमधील वाढलेल्या अंतराचा असू शकतो. हळू चालताना पाखरासारखी चिवचिव आली तर क्रॉसमधील ग्रीस संपलेले असण्याची शक्यता मोठी. खरखर म्हणजे दाते दात्यांवर घासल्याचा आवाज, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा कधीच नसतो.

तथापि आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो हे अधिक निर्णायक असते. गाडीच्या वेगाबरोबर बदलतो की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, सरळ जाताना येतो की वळताना, ब्रेक दाबल्यावर थांबतो की वाढतो, आणि फोर-व्हील जोडल्यावर त्याचे काय होते, एवढे कळले की बहुतेक भाग संशयातून वगळता येतात.

टकटकीची गती मोजूनही बरेच कळते. पिकअपच्या टायरचा परीघ सुमारे २.३ मीटर धरला तर ताशी १८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर जाताना, चाक सेकंदाला साधारण दोन फेरे घेते. डिफरन्शियलचे गुणोत्तर ४ च्या आसपास असेल तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट आठ-नऊ फेरे घेतो. सेकंदाला दोन ठोके पडत असतील तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे, जसे सैल नट, टायरमध्ये रुतलेला खिळा किंवा वाकलेली डिस्क. ठोके मोजता येणार नाहीत इतके जलद असतील तर शाफ्टकडे पाहावे.

रस्त्यावरील चाचणी

चाचणीसाठी मोकळे मैदान किंवा निर्जन सरळ रस्ता निवडतात. गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी चाकांचे नट पान्याने तपासणे अनिवार्य आहे. पंक्चर काढल्यानंतर दोन-तीन दिवसांत सुरू झालेला ठकठक आवाज सैल नटाचा असू शकतो आणि त्यात चाक निखळण्याचा धोका असतो. चाक बसविल्यानंतर ५० ते १०० किलोमीटर धाव झाली की नट पुन्हा आवळावेत, असा संकेत आहे. तो पाळला जातोच असे नाही.

घरघर येत असेल तर ठरावीक वेग गाठून गिअर न्यूट्रल करतात. इंजिनाच्या फेऱ्या उतरूनही घरघर तशीच राहिली तर दोष चाक, टायर किंवा बेअरिंग यांत आहे. ही चाचणी सपाट जागीच करावयाची असते; बिजासनसारख्या घाटाच्या उतारावर न्यूट्रल करणे म्हणजे इंजिनाचा रोध गमावणे होय. जुलै २०२३ मध्ये पळासनेरजवळ, ब्रेक निकामी झाल्याचे सांगितल्या गेलेल्या अवजड वाहनाच्या अपघातात अनेकांचा बळी गेला. ते वाहन पिकअप नव्हते, परंतु उतार तोच आहे.

त्यानंतर मैदानात मध्यम वेगाने गाडी डावीकडे व उजवीकडे सावकाश झुकवितात. डावे वळण घेताना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढली व उजव्या वळणावर कमी झाली तर उजवे बेअरिंग संशयास्पद ठरते. टायरचा आवाज मात्र वळणापेक्षा रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलतो: खडबडीत डांबरावर एक, गुळगुळीत सिमेंटवर दुसरा. शंका उरल्यास पुढचे टायर मागे लावून पाहतात. आवाज मागे गेला तर बेअरिंग निर्दोष आहे. या अर्ध्या तासाच्या कष्टाअभावी चांगली बेअरिंगे बदलली गेल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतात.

जॅकवरील तपासणी

गाडी केवळ जॅकवर असताना तिच्याखाली जाऊ नये. चौकटीखाली स्टँड व मागील चाकांना ठोकळे लावावेत. काळ्या जमिनीत जॅक खचतो, म्हणून त्याखाली जाड फळी ठेवतात.

चाक अधांतरी झाल्यावर ते घड्याळातील १२ व ६ च्या ठिकाणी धरून हलवितात. ढिलाई जाणवल्यास मदतनिसाला ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर ती बेअरिंगची असते, कारण ब्रेकमुळे हब आणि नकल एकत्र जखडले जातात. ब्रेक दाबूनही चाक हलत राहिले तर दोष बॉल जॉइंट किंवा किंगपिनमध्ये आहे. ९ व ३ च्या ठिकाणी धरून हलविल्यास टाय रॉडचे टोक व स्टिअरिंगचे सांधे कळतात. चाक हाताने फिरवून स्प्रिंगवर बोटे टेकविली की खराब बेअरिंगची खरखर बोटांना जाणवते; कान जेथे फसतो तेथे हात सहसा फसत नाही.

बॉल जॉइंटच्या तपासणीत एक चूक वारंवार होते. स्वतंत्र सस्पेन्शनच्या पिकअपमध्ये स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा जोर बहुधा खालच्या आर्मवर असतो. जॅक चौकटीखाली लावला तर आर्म खाली लोंबतो, स्प्रिंगचा ताण जॉइंटवर कायम राहतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो. जॅक खालच्या आर्मखाली, चाकाच्या शक्य तितक्या जवळ लावल्यावर तो ताण सुटतो. मग टायरखाली पहार घालून चाक हलके उचलावे; जॉइंटमधील उभी ढिलाई डोळ्यांना दिसते. किती ढिलाई चालेल हे प्रत्येक मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेले असते. भार पेलणारा जॉइंट सुटला तर चाक आडवे दुमडते व स्टिअरिंगचा ताबा जातो. त्यामुळे ज्या गाडीत अशी ढिलाई आढळली ती चालवीत दुसऱ्या गॅरेजला नेणेही योग्य नव्हे.

फोर-व्हील जोडल्यावर येणारे आवाज

कोरड्या डांबरावर फोर एच लावून वळण घेतल्यास गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होते, टायर घासतात आणि खालून ठक्क असा ठोका येतो. हा बिघाड नाही. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणून त्यांना अधिक फिरावे लागते. परंतु दोन्ही शाफ्ट एकमेकांशी जखडलेले असतात. सैल मातीत टायर थोडे घसरून हा फरक भरून काढतात. डांबरावर ते घसरत नाहीत, शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि तो एकदम सुटताना ठोका पडतो. दांडी टू एचमध्ये परत येत नसेल तर गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी. पीळ उतरतो व दांडी सुटते. शेतातून महामार्गावर आल्यावर फोर-व्हील काढण्याचे विसरणे हे या तक्रारीचे सर्वसाधारण कारण असून, असेच चालवीत राहिल्यास ट्रान्सफर केसचे खरोखर नुकसान होते.

याच कारणामुळे सीव्ही जॉइंटची चाचणी डांबरावर करू नये. आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात विकसित केलेल्या रचनेवर आधारलेल्या बाहेरच्या जॉइंटमध्ये पोलादी गोळ्या खाचांमधून सरकतात. खाचा झिजल्या की वळणावर टकटक सुरू होते. सैल मातीच्या मैदानात फोर-व्हील जोडून, स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवून, हळू वेगाने पुढे व मागे जावे. नंतर दुसऱ्या बाजूस तसेच करावे. टकटक एका बाजूच्या वळणावर स्पष्ट आली तर त्या वेळी बाहेर असणारे चाक प्रथम तपासावे. आतला जॉइंट सहसा टकटक करीत नाही. त्याच्या झिजेमुळे वेग घेताना गाडीचे पुढचे अंग थरथरते.

पुढच्या डिफरन्शियलचा आवाज एका सुरातील हुंकारासारखा असतो व ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना बदलतो. तेलाचा बोल्ट काढून तेल पाहिल्यास शंका फिटते: दुधाळ तेल पाणी शिरल्याचे, तर चमचमणारे कण दाते किंवा बेअरिंग झिजल्याचे लक्षण आहे.

हबचा दोष सर्वांत फसवा असतो. अमेरिकेतील फोर्ड एफ-१५० या पिकअपच्या २००४ नंतरच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत हब स्प्रिंगच्या जोराने जोडलेला राहतो आणि इंजिनाच्या निर्वात दाबाने सुटा ठेवला जातो. निर्वाताची बारीक नळी चिरली की टू एचमध्येही हबचे दाते अर्धवट भिडतात आणि भीषण खरखर होते. तेथे या आवाजावरून बेअरिंग बदलले जाऊनही तक्रार कायम राहिल्याचे प्रकार घडतात, कारण मूळ दोष रबरी नळीत असतो. निर्वातावर चालणारे हब असलेल्या कोणत्याही गाडीत हीच शक्यता तपासावी लागते. खरखर येत असताना, मोकळ्या मातीच्या जागेत, थांबून फोर-व्हील जोडावी. दाते पूर्ण भिडून आवाज लगेच थांबला तर हबकडे वळावे.

फसवे आवाज

खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक सुरू होणारी कर्कश किंकाळी बहुधा डिस्क आणि तिच्यामागील पत्र्यामध्ये अडकलेल्या खड्याची असते. गाडी थोडी मागे-पुढे घेतल्यावर खडा पडतो. न पडल्यास चाक काढून पत्रा सरळ करतात. ब्रेक दाबल्यावर बारीक शीळ येणे हे पॅड संपत आल्याचे लक्षण असू शकते, कारण काही पॅडना त्यासाठीच पातळ पट्टी बसविलेली असते. याखेरीज सैल बॅटरी, बॉनेटखाली ठेवलेला पाना, बंपरचा तुटलेला ब्रॅकेट आणि इंजिनाखालील संरक्षक पत्रा यांचेही आवाज सस्पेन्शनचे म्हणून सांगितले जातात. स्टॅबिलायझर लिंकबद्दल शंका असल्यास ती सोडून, अगदी हळू, थोडे अंतर चालवून पाहतात.

दुरुस्ती व योग्यता तपासणी

बुश, लिंक व शॉक ॲब्सॉर्बर दोन्ही बाजूंचे एकत्र बदलण्याची प्रथा आहे. बेअरिंगच्या बाबतीत तसे बंधन नाही. आर्म, टाय रॉड किंवा बॉल जॉइंट बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्यावे लागते. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, म्हणजे नेहमीच्या उंचीवर, अंतिम आवळले पाहिजेत. जॅकवर असतानाच आवळल्यास रबर पिळलेले राहते, लवकर फाटते आणि काही महिन्यांत तीच करकर परत येते.

मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत त्याचे नूतनीकरण दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते. शिरपूर तालुक्यातील वाहने धुळे प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अखत्यारीत असून त्यांचा नोंदणी क्रमांक एमएच-१८ ने सुरू होतो. स्टिअरिंग, ब्रेक व सस्पेन्शन यांची स्थिती या तपासणीत पाहिली जाते. बॉल जॉइंटची झीज मात्र दोन तपासण्यांच्या मधल्या काळातही धोक्याच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकते, विशेषतः गाडी क्षमतेपेक्षा जास्त भरली जात असेल तर.